वाकड्या नजरेची सरळ मापं

माशाला पाण्यातून वर पाहिल्यावर काय दिसत असेल? काठावरचं झाड, पलीकडच्या किनाऱ्यावरचा माणूस, डोक्यावरचा ढग, सगळं एकाच गोल खिडकीत! क्षितिजापासून क्षितिजापर्यंतच्या १८० अंशांतून येणारा प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो आणि साधारण ९७ अंशांच्या शंकूत दाटीवाटीने बसतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांना हे दृश्य स्वतः पाहायचं होतं. १९०६ साली त्यांनी बादलीच्या तळाशी फोटोची प्लेट ठेवली, वर बारीक छिद्राची सोय केली, बादली पाण्याने भरली आणि माशाच्या नजरेने फोटो काढले. ‘फिशआय’ हे नाव त्यांचंच.

आज असे रुंद नजरेचे कॅमेरे मोबाइलमध्ये, मोटारीच्या बंपरवर, ड्रोनच्या पोटाशी, मंगळावरच्या गाडीच्या पुढ्यात बसलेले आहेत. त्यांतले बरेचसे नुसते फोटो काढत नाहीत, ते मोजतात. खड्डा किती लांब आहे, पक्षी कुठून कुठे वळला, मासा किती सेंटिमीटरचा आहे. एकच बिंदू दोन किंवा जास्त कॅमेऱ्यांना दिसला की प्रत्येकाकडून एक रेघ काढायची. रेघा जिथे भेटतील तिथे तो बिंदू. भूमिती शाळेतलीच आहे. पण रुंद भिंग तर दाराची सरळ चौकटसुद्धा वाकवून दाखवतं. मग मापाचं काम त्याच्यावर सोपवायचं कसं?

याचं उत्तर मला फार आवडतं. भिंगाला सरळ करायच्या मागे लागायचं नाही. ते कुठे, किती वाकवतं हे आधी नीट मोजून ठेवायचं. वाक माहीत झाला की तो हिशेबातून काढून टाकता येतो. या मोजून ठेवण्याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि त्याच्या पोटात गवंड्याच्या ओळंब्यापासून आकाशातल्या ताऱ्यांपर्यंत काय काय दडलंय ते पाहा.

८९ अंशांवरचं झाड

साध्या भिंगाला रुंद नजर का जमत नाही? नाभीय अंतर १० मिलिमीटर धरा. समोरच्या रेषेपासून ४५ अंशांवर असलेली वस्तू सेन्सरच्या मध्यापासून १० मिलिमीटरवर उमटते. ८० अंशांवरची ५७ मिलिमीटरवर. ८९ अंशांवरचं झाड टिपायचं तर ते मध्यापासून ५७ सेंटिमीटरवर उमटेल! ९० अंशांसाठी सेन्सर अनंत मोठा लागेल.

फिशआय भिंग सरळ रेघा सरळच ठेवायचा हट्ट सोडतं. ते अंतर कोनाच्या प्रमाणात ठेवतं, म्हणून तेच झाड १५.५ मिलिमीटरवर मावतं. त्या बदल्यात सरळ रेषांचा सरळपणा जातो. शिवाय कारखान्यातून आलेलं कुठलंही खरं भिंग पुस्तकातलं प्रमाण तंतोतंत पाळत नाही. म्हणून सूत्राला दुरुस्तीचे काही आकडे जोडतात. फिनलंडच्या युहो कन्नाला आणि सामी ब्रांट यांनी २००६ साली मांडलेलं असं सूत्र खूप वापरलं जातं, आणि ओपनसीव्ही या मोफत सॉफ्टवेअरच्या फिशआय विभागात दुरुस्तीचे फक्त चार आकडे असतात. चार आकड्यांत अख्ख्या भिंगाचा स्वभाव!

ढगांसाठी भिंग, पानांमुळे नाव

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘हिल अभिक्रिया’ पाठ असते. पानातून वेगळी काढलेली हरितलवकं उजेडात ऑक्सिजन सोडतात, हे केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी १९३० च्या दशकात दाखवलं. याच हिलसाहेबांनी त्याआधी, १९२४ मध्ये, सगळं आकाश एका फोटोत घेणारं भिंग जगापुढे मांडलं होतं आणि लंडनच्या आर. अँड जे. बेक कंपनीने ते बनवलं. हेतू हवामानाचा होता: ढग टिपायचे. असे कॅमेरे जोडीने लावून ढगांची त्रिमितीय चित्रंही घेतली गेली. म्हणजे एकापेक्षा जास्त फिशआय कॅमेऱ्यांनी त्रिमिती पकडायची कल्पना शंभर वर्षांची आहे, आणि ती प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासकाच्या डोक्यातून आली!

स्वतःच्या पाठीमागचं पाहणारं

निकॉनने १९७० च्या सुमारास ६ मिलिमीटरचं एक फिशआय भिंग आणलं. नजर २२० अंशांची, वजन ५.२ किलो. २२० अंश म्हणजे ते दोन्ही बाजूंनी २०-२० अंश स्वतःच्या मागचंही पाहतं. फोटो काढणाऱ्याने पाय आणि बोटं सांभाळली नाहीत तर तीही फोटोत येतात.

मनोऱ्यावर पाय घसरला, तेव्हा

फोटोवरून मोजमाप करायच्या शास्त्राचा, फोटोग्रामेट्रीचा, एक उगम थेट जिवावरच्या प्रसंगात आहे. १८५८ साली आल्ब्रेश्ट मायडनबाउअर हा तरुण जर्मन स्थापत्यकार वेट्सलारच्या कॅथेड्रलची मापं घेत होता. मापं घ्यायची म्हणजे तेव्हा भिंतीवर चढायचं. उंचावर तो पडता पडता वाचला. खाली आल्यावर त्याने विचार केला की हीच मापं फोटोवरून का घेऊ नयेत?

पुढची काही दशकं त्याने याच ध्यासात घालवली. ‘फोटोग्रामेट्री’ हा शब्द १८६७ मध्ये त्याच्यामुळेच छापात आला. १८८५ मध्ये बर्लिनमध्ये प्रशियाच्या सरकारने त्याच्यासाठी खास संस्था काढली, आणि तिने पुढच्या काळात इमारतींच्या मोजमापाच्या हजारो काचा जमवल्या; १९२० पर्यंत त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली होती. आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट: त्याच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यात ‘पँटोस्कोप’ नावाचं बुश कंपनीचं रुंद भिंग होतं, सुमारे १०५ अंशांचं. अरुंद गल्लीत उभं राहून उंच चर्च एका फोटोत बसवायचं तर दुसरा इलाजच नव्हता. रुंद भिंग आणि मोजमाप यांची गाठ पहिल्या दिवसापासूनच पडलेली आहे.

ओळंबा, तेलात बुडवलेला

गवंडी भिंत उभी करताना ओळंबा सोडतो, कारण टांगलेल्या वजनाची दोरी खोटं बोलत नाही. अमेरिकेतले ड्वेन ब्राउन यांनी १९७१ च्या आपल्या गाजलेल्या लेखात भिंगाची परीक्षा नेमकी अशी घेतली. त्यांनी कॅमेऱ्यासमोर ओळंबे लावून दोरे टांगले. दोरे सरळ आहेत ही खात्री गुरुत्वाकर्षणाची. मग फोटोत ते जिथे जिथे वाकलेले दिसतील तो वाक भिंगाचा. दोरे हलू नयेत म्हणून ओळंबे तेलाच्या भांड्यांत बुडवून ठेवायचे. तेल डोलणं शोषून घेतं.

यातली खुबी अशी की दोऱ्याची लांबी, दोन दोऱ्यांतलं अंतर, कॅमेरा किती लांब आहे, यातलं काहीही माहीत असावं लागत नाही. ‘हे सरळ आहे’ एवढंच पुरतं. भिंगाच्या वाकाचं जे सूत्र आज जगभर वापरतात त्याला ब्राउन आणि त्यांच्याआधी १९१९ मध्ये त्यावर काम करणारे कॉनरेडी, या दोघांचं नाव आहे.

काळेपांढरे चौकोन

कॅलिब्रेशन म्हटलं की हल्ली प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे बुद्धिबळाच्या पटासारखा कागद येतो. याआधी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन-तीन पृष्ठभागांची, काटेकोर बनवलेली, महागडी उपकरणं लागत. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या झेंगयू झँग यांनी १९९८ मध्ये एक पद्धत लिहून ठेवली, २००० मध्ये ती शोधपत्रिकेत आली, आणि सगळं बदललं. चौकोनांचा नमुना लेझर प्रिंटरवर छापा, एखाद्या पुस्तकाच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, कॅमेऱ्यासमोर निरनिराळ्या कोनांतून धरा. पट हलवा किंवा कॅमेरा हलवा. कसा हलवला ते कुणाला सांगायची गरज नाही. प्रयोगशाळेतलं काम टेबलावर आलं. तंत्रज्ञान लोकांच्या हाती जाणं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं चटकन सुचत नाही.

चौकोनच का? कारण दोन काळे आणि दोन पांढरे चौकोन जिथे टेकतात तो बिंदू फोटो थोडा धूसर झाला तरी जागचा हलत नाही. त्याची जागा एका पिक्सेलच्या छोट्या अंशापर्यंत काढता येते. गोल ठिपके छापले तर वेगळीच गंमत होते: तिरकं पाहिल्यावर वर्तुळाची लंबवर्तुळं होतात, आणि लंबवर्तुळाचा मध्य हा मूळ वर्तुळाच्या मध्याची जागा नसतो! सरसकट मध्य धरला तर फरक पडतो.

पट छापताना एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम संख्येचे चौकोन घेतात. दोन्हीकडे सम घेतले आणि पट उलटा धरला, तर संगणकाला वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं ते कळत नाही. एकट्या कॅमेऱ्याला हा गोंधळ एखाद्या वेळी पचतो. पाच कॅमेरे एकाच पटाकडे पाहत असतील तर दोघांचं उत्तर एक आणि तिघांचं दुसरं असं होऊन बसतं. म्हणून हल्ली पटाच्या चौकोनांत छोट्या खुणा छापतात. मिशिगन विद्यापीठातून आलेली ‘एप्रिलटॅग’ ही अशा खुणांची एक जात. प्रत्येक खुणेला स्वतःचा नंबर असतो, त्यामुळे कॅमेऱ्याला पटाचा अर्धाच भाग दिसला तरी चालतं. रुंद भिंगांच्या जथ्यात हे वरदानच आहे, कारण शेजारशेजारच्या दोन कॅमेऱ्यांची नजर बहुधा कडेच्या एका पट्टीतच एकमेकींवर येते.

आणि पुठ्ठा! आपल्याकडे पावसाळ्यात तो दमट हवेने फुगतो, वाकतो. सूत्र धरून चालतं की पट सपाट आहे, मग पटाचा वाक बिनबोभाट भिंगाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून ज्यांना खरी काटेकोर मापं हवी असतात ते काचेवर किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नमुना उठवून घेतात.

अंशाचा दहावा भाग

एका कॅमेऱ्याचं भिंग कळलं, आता दुसरा त्याच्या शेजारी लावा. दुसरा नेमका कुठे आहे आणि कुठे तोंड करून आहे, हे सांगायला सहा आकडे लागतात: जागेचे तीन, वळणाचे तीन. वळणात चूक झाली तर काय होतं ते पाहा.

दोन कॅमेरे एकमेकांपासून १० सेंटिमीटरवर आहेत, नाभीय अंतर १००० पिक्सेल आहे आणि वस्तू १० मीटरवर आहे असं धरा. दोन फोटोंत तिची जागा फक्त १० पिक्सेलनी सरकलेली दिसेल. आता एक कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाने वळलेला आहे आणि तुम्हाला ते माहीत नाही. तेवढ्याने पावणेदोन पिक्सेलचा घोळ होतो. वस्तू १० मीटरवर असताना हिशेब एक तर साडेआठ मीटर सांगेल, नाही तर १२! स्क्रू किंचित सैल झाला, उन्हाने पट्टी तापली, कुणाचा धक्का लागला, एवढं पुरतं. ॲल्युमिनियमची एक मीटरची पट्टी १० अंश सेल्सियसनी तापली की जवळजवळ पाव मिलिमीटर लांबते. कॅमेऱ्यांची चौकट करताना लोक कार्बन फायबरकडे वळतात ते याच कारणाने. ते तापमानाने फारसं लांबत नाही.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘पॅनॉप्टिक स्टुडिओ’ नावाचा एक घुमट उभारला गेला. माणसांचे हावभाव त्रिमितीत टिपण्यासाठी त्यात ४८० साधे आणि ३१ एचडी कॅमेरे बसवले. नुसत्या जागा आणि वळणं धरली तरी तीन हजारांहून जास्त आकडे एकदम जुळवायचे! हे जुळवायची गणिती पद्धतही ड्वेन ब्राउन यांचीच, १९५८ ची, क्षेपणास्त्रांच्या मागावरच्या कॅमेऱ्यांसाठी अमेरिकी हवाई दलाच्या कामातून आलेली. सगळे कॅमेरे, सगळे बिंदू, सगळे किरण एकत्र घ्यायचे आणि एकूण चूक कमीत कमी होईपर्यंत सर्वांना थोडं थोडं सरकवत राहायचं. कुणाही एकाला खरा मानून बाकीच्यांना त्याच्यामागे ओढायचं नाही. या पद्धतीचं नाव ‘बंडल ॲडजस्टमेंट’. बंडल म्हणजे किरणांच्या जुड्या.

अंधारात एक दिवा

खोलीभर कॅमेरे चहूबाजूंनी आत तोंड करून आहेत. पट धरला तर समोरच्यांना नमुना दिसतो, मागच्यांना कोरी पाठ. चेक संशोधक तोमाश स्वोबोदा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये छापलेल्या लेखात सुंदर तोड काढली: दिवे मालवा, एक चमकता ठिपका हातात घ्या आणि खोलीभर फिरवत चाला. प्रत्येक क्षणी प्रत्येक कॅमेऱ्याला एकच ठिपका दिसतो, त्यामुळे कोणाचा बिंदू कोणता असा प्रश्नच उरत नाही. चित्रपटांसाठी हालचाली टिपणाऱ्या स्टुडिओंत आजही तंत्रज्ञ खुणा लावलेली काठी घेऊन रिकाम्या जागेत हात ओवाळत फिरताना दिसतात. ते कॅलिब्रेशनच चाललेलं असतं.

आकार कळला, माप कुठाय?

या विषयातली सगळ्यात खोल गोष्ट हीच आहे असं मला वाटतं. फक्त ठिपका फिरवून सगळे कॅमेरे एकमेकांशी जुळवले, आकार अचूक आला. पण ती खोली खरोखर सहा मीटरची आहे की सहा सेंटिमीटरची, हे फोटो कधीच सांगत नाहीत. कोनांवरून आकार कळतो, लांबी कळत नाही. कुठे तरी एक तरी अंतर हाताने मोजलेलं असावंच लागतं.

हे भारतात एका माणसाने फार मोठ्या प्रमाणावर जगून दाखवलं. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ एक सरळ रेघ मोजली, साडेसात मैलांची, शंभर फुटी पोलादी साखळीने. ती साखळी मुळात ब्रिटिश वकिलातीबरोबर चीनच्या बादशहाकडे गेलेली आणि तिथे नाकारली गेलेली. मोजताना ती उन्हात पडू दिली नाही, शेजारी तापमापक ठेवले. पोलाद तापलं की लांबतं, हा हिशेब तेव्हाही होता. त्या रेघेपासून त्रिकोणामागून त्रिकोण रचत ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे पुढे हिमालयापर्यंत गेला. दोन ठिकाणांहून कोन घ्या, रेघा काढा, छेद शोधा. आजचे कॅमेऱ्यांचे जथे हेच करतात. फरक एवढाच की लँबटन यांचे ‘कॅमेरे’ डोंगरांच्या आणि देवळांच्या माथ्यावर असत.

त्यांचं उपकरणही आपल्या विषयातलंच. लंडनच्या विल्यम केरी यांनी बनवलेला थिओडोलाइट, वजन सुमारे अर्धा टन. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि तो भिंतीवर आदळला. कोन मोजायचं मुख्य वर्तुळच वाकलं. नवा मागवायचा तर इंग्लंडहून जहाजाने यायला हवा. लँबटन यांनी तंबूत बसून कित्येक आठवडे पाचर, स्क्रू आणि कप्प्यांनी ते वर्तुळ ओढून ओढून पुन्हा गोल केलं, आणि त्याच थिओडोलाइटने पुढची मोजणी सुरू ठेवली.

लँबटन नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये वारले. त्यांची कबर आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला आहे. त्रिकोणांनी देश मोजणारा माणूस विदर्भाच्या मातीत विसावलाय, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. हिंगणघाटच्या शाळांची भूमितीची सहल तिथे जायला हवी.

फुकटचा पट

रात्रीचं आकाश पाहणाऱ्या फिशआय कॅमेऱ्याला केवढा पट धरणार? धरावा लागत नाही. डोक्यावर तारे आहेत. त्यांच्या जागा कॅमेऱ्याला लागतात त्यापेक्षा कितीतरी काटेकोरपणे माहीत आहेत, आणि तासाला १५ अंश सरकत ते भिंगाचा कोपरान्कोपरा स्वतःच फिरून दाखवतात. फक्त क्षितिजाजवळ जपायचं. तिथे हवाच प्रकाश वाकवते, सुमारे अर्ध्या अंशापर्यंत, आणि तो वाक भिंगाच्या माथी मारायचा नाही.

याचं फळ मोठं आहे. ७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियात प्रिब्रामजवळ एक अग्निगोल पडला. दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी तो टिपला होता. झ्देनेक चेप्लेखा यांनी त्या फोटोंवरून त्याचा मार्ग काढला, दगड कुठे पडले असतील ते सांगितलं आणि तो सूर्याभोवती कुठल्या कक्षेत फिरत होता हेही काढलं. फोटोंवरून कक्षा कळलेला हा पहिला उल्कापाषाण. त्यातून युरोपभर अग्निगोल टिपणारं कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं, आणि त्यात सगळं आकाश पाहणारी फिशआय भिंगं आली. ६ एप्रिल २००२ रोजी त्या जाळ्याने जर्मनीत नॉयश्वानस्टाइन किल्ल्याजवळ पडलेला आणखी एक अग्निगोल पकडला. कक्षा काढली, तर ती प्रिब्रामच्या कक्षेशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती. ४३ वर्षांनी, एका दिवसाच्या फरकाने! दगड मात्र पूर्ण वेगळ्या जातीचे निघाले. एकाच वाटेचे दोन अनोळखी प्रवासी. कॅमेरे नीट जुळवलेले नसते तर हे कोडं पडलंच नसतं.

सहा-सात शेजारी

हिवाळ्यात रोमच्या आकाशात संध्याकाळी स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे उठतात. आपल्या साळुंकीचे हे भाऊबंद. टर्मिनी स्थानकाजवळच्या पॅलात्सो मास्सिमोच्या छतावर २५ मीटर अंतराने कॅमेरे लावून इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी थव्यातल्या हजारो पक्ष्यांची त्रिमितीतली जागा काढली. २००८ मधला निष्कर्ष असा: पक्षी ‘अमुक मीटरच्या आतले सगळे’ असं पाहत नाही, तो जवळच्या सहा-सात जणांवर लक्ष ठेवतो, मग ते दाट असोत की विरळ. या चमूत जॉर्जियो पारिसी होते, २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी.

पुढे जीवशास्त्रज्ञांनी हेच काम बाजारात मिळणाऱ्या रुंद नजरेच्या गोप्रो कॅमेऱ्यांनी करायची मोफत सॉफ्टवेअर लिहिली. कॅमेरे तिवईवर लावायचे, ठराविक लांबीची काठी पक्ष्यांच्या वाटेत फिरवायची आणि एखादी वस्तू वर फेकायची. काठी माप देते, आणि खाली पडणारी वस्तू ‘खाली’ म्हणजे कुठे ते सांगते.

दोन मिलिसेकंदांची चूक

आतापर्यंत जागेचं बोललो. वेळेचं काय? ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू दोन मिलिसेकंदांत जवळजवळ आठ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे चेंडूच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं एवढी जरी चुकली तर त्यांच्या रेघा दोन वेगवेगळ्या चेंडूंकडे जातात. म्हणून कॅमेऱ्यांना एकच विजेचा इशारा देऊन एकाच क्षणी डोळा उघडायला लावतात.

कॅमेऱ्यांवरून चेंडूचा मार्ग काढणारी पॉल हॉकिन्स यांची हॉक-आय प्रणाली क्रिकेटच्या प्रक्षेपणात पहिल्यांदा दिसली ती मे २००१ मध्ये, लॉर्ड्सवर, इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत. आपल्याला ती लक्षात आहे ३० मार्च २०११ च्या मोहालीमुळे. विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर पाकिस्तान, सईद अजमलचा चेंडू सचिनच्या पॅडवर, आणि पंच इयन गुल्ड यांचं बोट वर. सचिनने दाद मागितली. पडद्यावर चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून गेला आणि अख्ख्या महाराष्ट्राने श्वास सोडला. सचिनने ८५ केल्या. तो निर्णय ज्या आकड्यांवर उभा होता ते आकडे कॅमेऱ्यांच्या जुळणीतून आले होते. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात ऑफसाइडसाठी छताखाली १२ कॅमेरे होते. प्रत्येक खेळाडूच्या शरीराचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा.

पोहण्याच्या तलावात

समुद्रातले मासे न पकडता मोजायचे असतील तर दोन कॅमेरे एका दांड्यावर लावून खाली सोडतात, पुढे आमिष. हवेत केलेलं कॅलिब्रेशन मात्र पाण्यात निरुपयोगी ठरतं, कारण काचेवर प्रकाश पुन्हा वाकतो. सपाट काचेमागून तर कितीही रुंद फिशआय लावा, पाण्यातले ९७ अंशच दिसणार; वुड यांच्या बादलीचाच नियम उलट बाजूने लागू होतो. म्हणून घुमटाकार काच लावतात. आणि ठिपके लावलेला ठोकळा घेऊन पोहण्याच्या तलावात उतरतात, पाण्याखालीच जुळणी करायला.

दुरुस्तीला कोण जाणार?

नासाची क्युरिऑसिटी गाडी २०१२ मध्ये मंगळावर उतरली. धोके ओळखणारे तिचे कॅमेरे १२४ अंशांचे आणि जोडीजोडीने लावलेले. नंतरच्या पर्सिव्हिअरन्स गाडीचे १३६ अंशांचे. भिंगांची सगळी परीक्षा पृथ्वी सोडण्यापूर्वी करून ठेवावी लागते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या भिंगसूत्रात फिशआयसाठी एक खास अक्षर वाढवलेलं आहे, कारण फिशआयमध्ये किरण एकाच बिंदूतून जात नाहीत; जितका कोन मोठा, तितकं भिंगाचं ‘दार’ पुढे सरकतं. दूरच्या डोंगराला त्याने फरक पडत नाही, चाकाजवळच्या दगडाला पडतो.

आपल्या प्रज्ञाननेही दोन कॅमेऱ्यांनी धोके ओळखले. चांद्रयान-३ च्या या रोव्हरवर बेंगळुरूच्या इस्रोच्या प्रयोगशाळेने बनवलेली, वाट शोधणाऱ्या नॅव्हकॅम कॅमेऱ्यांची जोडी होती. २७ ऑगस्ट २०२३ रोजी तीन मीटर पुढे चार मीटर व्यासाचं विवर असल्याचं कळलं आणि प्रज्ञानला मागे वळवण्यात आलं. नंतर त्याच जोडीच्या फोटोंतून इस्रोने लाल-निळ्या चष्म्यातून पाहायचं त्रिमितीय चित्र लोकांसाठी खुलं केलं. चष्मा मिळाला तर जरूर पाहा. विक्रम लँडर जमिनीवरून अक्षरशः उठून उभा राहतो.

आरसा बदलला?

निसानने २००७ मध्ये मोटारीच्या चार बाजूंना चार रुंद कॅमेरे लावून वरून पाहिल्यासारखं चित्र दाखवायला सुरुवात केली. आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही ते आहे. बाजूचा आरसा किंवा बंपर बदलला की ही चौकडी पुन्हा जुळवावी लागते. गॅरेजमध्ये नक्षीच्या चटया गाडीभोवती अंथरून. न जुळवता गाडी परत ताब्यात घेतली तर पार्किंगची रेघ कॅमेऱ्यांच्या सांध्यावर तुटलेली दिसेल.

घरी करायचं असेल तर

दोन मोबाइल किंवा दोन स्वस्त वेबकॅम पुरतात, ओपनसीव्ही फुकट आहे. आधी ऑटोफोकस बंद करा, कारण फोकस हलला की भिंगाचे आकडेही हलतात. हाताची थरथर सावरणारी सोय बंद करा. त्यात भिंग किंवा सेन्सर सरकत असतो. मोबाइलचा रुंद कॅमेरा वाकलेल्या रेषा आपोआप सरळ करून देत असेल तर तेही बंद. पट छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय नको, आणि छापलेला चौकोन पट्टीने मोजून खरी लांबी लिहून ठेवा. पट मधोमध धरून वीस फोटो काढण्यापेक्षा तो तिरपा करत चारही कोपऱ्यांत न्या. रुंद भिंगाचा खरा वाक कडेला असतो.

शेवटी सॉफ्टवेअर सरासरी चुकीचा आकडा देतं. तो अर्ध्या पिक्सेलच्या आत आला की लोक खूश होतात, पण तेवढ्यावर थांबू नका. पट फक्त मध्यात धरला असला तरीही हा आकडा छान येतो. ज्याचं माप ठाऊक आहे अशी वस्तू घ्या, एक मीटरची पट्टी उत्तम. ती दोन्ही कॅमेऱ्यांच्या नजरेच्या अगदी काठावर आडवी ठेवा, मोजा. मग उभी ठेवून मोजा. मग दुप्पट अंतरावर नेऊन पुन्हा मोजा. वस्तू किती दूर आहे यातली चूक अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट लांब गेलात की चौपट. तिन्ही वेळा पट्टी मीटरभरच भरली, की खोलीतलं हवं ते मोजायला घ्या.